शहाऐंशीची जाळी

"तक्रार घ्या, मॅडम. ह्याच मेल्यानं जाळी नेली."

क्रीडा मंडळाचा अध्यक्ष दादू भाटकर रय्यानवर बोट रोखून उभा होता. फौजदार वेदिका सुर्वेंना सकाळी सातलाच बोलावून घेतलं होतं. बाहेर वाडीतली आणि मोहल्ल्यातली माणसं बाह्या सावरून समोरासमोर. आणि हे सगळं कशासाठी, तर मासे पकडायच्या जुन्या जाळीसाठी! मंडळाच्या खोलीतला चांदीचा चषक जागच्या जागी होता.

पण ती जाळी १९८६च्या गावच्या फुटबॉल स्पर्धेत, वाडी आणि मोहल्ल्याच्या अंतिम सामन्यात गोलपोस्टला बांधलेली. शेवटच्या मिनिटाला दादूने गोल मारला आणि वाडी जिंकली. मोहल्ल्याचा गोलकीपर हुसेन ओरडत राहिला, बॉल बाजूच्या जाळीतल्या भोकातून आत आला म्हणून. अंधारून आलं होतं. पंचांनी जाळी ओढून पाहिली, भोक नव्हतं. त्या साली विश्वचषकातला हाताने मारलेला गोल अख्ख्या जगाने पाहिला. इथे कॅमेराच नव्हता. हुसेन खोटारडा ठरला तो कायमचा. वाडी आणि मोहल्ला तेव्हापासून एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत.

रय्यान हुसेनचा नातू. सामन्याला चाळीस वर्षं झाली म्हणून मंडळाने प्रदर्शन मांडलं, तिथले दिवे रय्यानने बसवले. कुलूप लावून किल्ली दादूकडे दिली, असं तो सांगत होता. त्याने दुसरी किल्ली करून घेतली असणार, असं दादूचं म्हणणं. रय्यानला कतारमध्ये नोकरी लागली होती, फक्त पोलिसांचा दाखला बाकी होता. गुन्हा नोंदला की नोकरी गेलीच.

वेदिका खोलीभर फिरल्या. टेबलावर दादूचे बूट होते, भावाने मुंबईहून पाठवलेले. त्या दिवशी मैदानात बूट घातलेला तो एकटाच. उजव्या बुटाला लेस नव्हती. खाली दादूच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'गोल होताच दादू जाळीला बिलगून रडला. पाच मिनिटं उठेना.'

"जाळी याआधी कधी टांगली होती?"

"नाही. माझ्या ट्रंकेत होती. कमिटीने कालच टांगली."

"तुमची हरकत होती?"

"जुनी आहे, फाटेल म्हटलं."

रय्यानने मोबाईल पुढे केला. काल आजोबांना दाखवायला त्याने उजेडात जाळीचा फोटो काढला होता. दादूचा चेहराच उतरला.

वेदिकांनी फोटो मोठा केला.

"डाव्या पोस्टजवळ, गुडघ्याच्या उंचीवर बघा. हिरव्या जाळीत पांढरी लेस ओवलीय. भोक होतं. दादूकाका, तुम्ही रडत नव्हतात, सगळ्यांकडे पाठ करून भोक शिवत होतात. मोहल्ल्याला ही जाळी पुरावा म्हणून हवी होती, ते ती का पळवतील? ती नाहीशी व्हायला हवी होती फक्त तुम्हाला. काल टांगली गेली, आणि आज कोणीही मासेमार ती गाठ बघून हसला असता."

दादू घरी गेला आणि लाकडांच्या ढिगाखालून जाळी घेऊन आला. जाळायला घेतली होती, पण हात धजावला नाही, म्हणाला. वेदिकांनी तक्रारीचा कागद फाडला.

बाहेरच्या गर्दीतून हुसेन आत आले, आता सत्तरीचे. त्यांनी लेस सोडली आणि भोकातून मूठ आरपार घातली. वाडीतल्या माणसांनी माना खाली घातल्या.

दादूने हात पुढे केला. हुसेननी तो घेतला नाही.

"चाळीस वर्षं मी खोटारडा म्हणून जगलो, दादू. आता तू जगून बघ."

त्यांनी लेस दादूच्या बुटात टाकली आणि नातवाला घेऊन निघून गेले.