कढीपत्ता आणि स्क्विल्लो

चंद्रवाडीच्या ध्वनिप्रयोगशाळेत डॉ. दत्तप्रसाद निमकर तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा कुठे डॉ. शर्वाणी भडसावळ्यांनी मान वर केली.

"काही म्हणालात?"

निमकर वनस्पतिशास्त्रज्ञ. माणूस गोड, पण आवाज दबका, अगदी खर्जातला. चंद्रावरच्या या चाळीस माणसांच्या वसाहतीत कढीपत्त्याचं एकच झाड होतं आणि ते त्यांनी बीपासून वाढवलं होतं. ते उपटून तिथे पाण्याची टाकी बसवायचा ठराव आजच्या सभेत येणार होता. सभेत सगळे एकदम बोलत, त्यामुळे निमकरांचं म्हणणं आजवर एकदाही कुणाच्या कानी गेलं नव्हतं.

"इटालियन गायकांकडे एक शब्द आहे, स्क्विल्लो," शर्वाणीबाई म्हणाल्या. "आवाजाच्या रंगातली धातूची लकाकी. तिच्यामुळे एकटा गायक माइकशिवाय साठ वाद्यांवरून ऐकू येतो."

"जोरात गातो म्हणून ना?"

"नाही हो! वाद्यांचा सगळा जोर खालच्या पट्टीत. वरची जागा रिकामी, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट. मी बनवलेली ही कंठपट्टी गळ्याला लावली, की आवाजातलं खालचं बळ उचलून वरच्या रिकाम्या जागेत नेते."

गळ्याला पट्टी लावून निमकर सभेत उभे राहिले. "माझं झाड..." एवढं म्हणाले आणि थबकले. चाळीस ताटं एकदम फरशीवर पडावीत तसा कल्लोळ उठला होता. दिसेल त्या मानेवर कंठपट्टी होती.

"सगळेच मागायला आले," शर्वाणीबाई ओशाळून त्यांच्या कानाशी ओरडल्या. "नाही कसं म्हणू? भीड पडते हो!"

निमकरांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि ते स्वतःशीच पुटपुटले, "कढीपत्ता नाही, तर पोह्यांना फोडणी काय डोंबलाची देणार?"

सभा चिडीचूप झाली. सगळे वरच्या पट्टीत गेल्यामुळे खालची जागा साफ मोकळी होती, आणि निमकरांचा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचला होता. सभापती कुलथ्यांनी लगेच मतं घेतली. ठराव एकमताने बारगळला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर रांग लागली. प्रत्येकाला निमकरांसारखा खर्जाचा आवाज देणारी पट्टी हवी होती. शर्वाणीबाईंना पुन्हा भीड पडली.

टाकीचा विषय पुढच्या सभेत परत येणारच होता. निमकरांनी आपली जुनी कंठपट्टी पुसली आणि जपून खिशात ठेवली.