बाजूच्या सीटचा पट्टा

पटो न पटो, हे माझ्यासोबत घडलंय. रात्र-बित्र नव्हती. मंगळवार, दुपारचे तीन. भुतंसुद्धा जेवून आडवी होतात, अशी वेळ.

गॅरेज मामांचं. मामा जाऊन दीड महिना झालेला. आता मी एकटाच.

ब्रेकचं काम झालं की मामांचा नियम ठरलेला. आधी उभ्या गाडीत पेडल दहा वेळा दाबायचं, कारण नवे पॅड लगेच धरत नाहीत. मग आवारात, माणूस चालतो त्या वेगाने. मगच रिकामा रस्ता. आणि एकट्याने कधीच नाही. बाजूला मामा बसणार, पोट सावरत, पट्टा न लावता.

"मामा, पट्टा!"

"गप रे. माझं पोट हीच एअरबॅग."

त्या दिवशी एका बाईंच्या जुन्या गाडीला नवे ब्रेक पॅड टाकले. आवाराचा उतार फाटकाकडे, बाहेरही सरळ उतार, खाली वाहता चौक.

बसलो. चावी फिरवली.

टिंग... टिंग... टिंग...

बाजूला बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजतो, तो आवाज.

सीटवर माझी पान्यांची पेटी होती. तिच्या वजनाने असेल. उचलून मागे टाकली.

टिंग... टिंग...

"अगं बाई, कोणी नाहीये!" मी गाडीलाच झापलं. शेवटी वैतागून रिकाम्या सीटला पट्टा लावला.

आवाज थांबला.

हँडब्रेक सोडायला हात घातला... आणि नजर गेली.

पट्टा सीटला टेकलाच नव्हता.

मधोमध फुगून राहिला होता... पोटावरून गेल्यासारखा.

दचकून मी ब्रेक दाबला.

पेडल थेट तळाला गेलं.

उभ्या गाडीत दहा वेळा दाबायचं, तेच विसरलो होतो. हँडब्रेक सोडला असता, तर मी थेट चौकात.

दाबायला लागलो. दहाव्याला पेडल घट्ट झालं.

बाजूला पट्टा... हळूच सपाट झाला.

मग आवारात, मग रस्त्यावर. गाडी म्हणाल तिथे थांबत होती. पाच वाजता बाई आल्या.

"ताई, तुमच्या गाडीत पट्ट्याचा आवाज फार येतो."

"कुठला आवाज? एवढ्या जुन्या गाडीत तसलं काही नसतं हो, दादा."

तेव्हापासून टेस्टला निघताना मी बाजूचं दार उघडतो. जरा थांबतो. लावतो.

एकदाही वाजलेलं नाही.

म्हणजे काम बरोबर झालं असेल...

की मामाच आले नसतील?