यारीवरचा हात

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते वरून. विस्कटलेले केस, घट्ट मिटलेले डोळे आणि दोरांना मिठी मारलेले हात... एवढाच तो मला दिसत होता.

आमच्या बेटाला किनारा असा नाहीच. चारी बाजूंनी कडा, आणि खाली फेसाळलेलं पाणी. बोट कड्याजवळ येऊन हेलकावे खात थांबते आणि वरची यारी, म्हणजे आमची क्रेन, तारेला बांधलेला पाळणा खाली सोडते. मिठाच्या पोत्यापासून नव्या नवरीपर्यंत सगळं त्या पाळण्यातूनच वर येतं. आधी यारी बाबा चालवायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हापासून दांडा माझ्या हातात आहे. बाबा शेजारच्या दगडावर बसून नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढतात.

पाळणा टेकला तरी हा पठ्ठ्या डोळे उघडेना.

"आलं बेट," मी म्हटलं. "उतरा आता, मागं पोती खोळंबलीत."

त्यानं एक डोळा किलकिला केला. "यारी कोण चालवत होतं?"

"मी."

"असं होय... मग उगाच घाबरलो," असं म्हणून तो ऐटीत उतरला आणि दोन पावलांवर मटकन खाली बसला. मला हसू आवरेना. बाबांनी घसा खाकरला, तेव्हा कुठं मी तोंडावर हात ठेवला.

तो होता गावाच्या नव्या शीतगृहाचं यंत्र बसवायला आलेला मेकॅनिक. या शीतगृहावर गावाचा जीव टांगलेला होता. मासळी आमच्याकडे उदंड, पण बोट महिन्यातून एकदा, तीही समुद्राच्या मनात असेल तर. तोवर निम्मी मासळी सडायची. कष्ट करून ती पुन्हा समुद्रातच ओतायची, याला तरुण पोरं कंटाळली होती. एकेक जण पाळण्यात बसायचा, 'येतो परत' म्हणायचा आणि पलीकडचाच होऊन जायचा. माझ्या मैत्रिणी अशाच गेल्या. खरं सांगायचं तर माझं अर्धं गाव मी माझ्या हातांनी खाली सोडलंय. म्हणून 'येतो परत' या शब्दांवर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता.

मेकॅनिक पुढच्या बोटीनं जाणार होता. पण यंत्राचा एक भाग चुकीचा आला, मग समुद्र खवळला, आणि त्याचा मुक्काम लांबत गेला. शीतगृह यारीच्या मागच्या अंगालाच. तो आत काम करून बाहेर यायचा तेव्हा बोटं गारठून निळी पडलेली असायची. एकदा मी माझे तार धरायचे चामड्याचे हातमोजे त्याच्यापुढं टाकले.

"तुम्हाला लागतील ना," तो म्हणाला.

"आज बोट नाही. आणि मला 'तुम्ही' म्हणायला मी काय तुमची मास्तरीण आहे?"

"मग तूही मला..." तो थांबला. मोजे हातात घेऊन नुसताच बघत राहिला. वारा भणाणत होता, माझे केस तोंडावर येत होते आणि मला ते मागं सारायचंही सुचत नव्हतं.

त्यानंतर चहाचे दोन पेले शीतगृहाच्या पायरीवर रोज दिसू लागले. तो आईबद्दल बोलायचा. वडील लवकर गेले, आईनं शिवणकाम करून वाढवलं, आता ती एकटीच घरी असते. मी धुक्याबद्दल, तारेच्या आवाजाबद्दल बोलायचे. कधी कधी दोघंही काहीच बोलायचो नाही. बाबा तेवढ्यात मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "काय गं, दोघंही बुडालात की काय?"

मी त्याच्यात गुंतले होते. हे मला कळत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. कारण एक दिवस यंत्र सुरू होणार होतं.

ते सुरू झालं. साऱ्या गावानं आत जाऊन थंड भिंतींना हात लावून पाहिलं. म्हातारी माणसं रडली. मीही रडले, पण माझं कारण वेगळं होतं. बोट दुसऱ्याच सकाळी आली. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्यापूर्वीची ती शेवटची बोट.

तो पिशवी घेऊन पाळण्यात बसला. सगळं गाव निरोपाला उभं. मी दांडा धरला... आणि माझा हात थरथरू लागला.

यारीचा आमच्याकडे एक नियम आहे. तो बाबांनीच घातला. माझ्या आजारी आईला बोटीत पोचवायचं होतं तेव्हा दांडा बाबांच्या हातात होता. तिचा चेहरा बघून त्यांनी घाई केली आणि पाळणा कड्यावर आदळला. आई आजारानंच गेली असं डॉक्टर म्हणाले, पण बाबांनी ते आजवर मानलेलं नाही. तेव्हापासून पाळण्यात आपलं माणूस असलं की दांडा दुसऱ्यानं धरायचा. माझा भाऊ पलीकडे गेला तेव्हा त्याला यारी चालवता येणाऱ्या दुकानदारकाकांनी खाली सोडलं होतं.

म्हणजे आता मी हात काढला तर चारचौघांत सगळं सांगितल्यासारखंच होतं. तो परत आला नाही, तर जन्मभर याच माणसांच्या डोळ्यांतली कीव बघायची. मूग गिळून दांडा ओढला असता तर माझी लाज राहिली असती. पण थरथरत्या हातात त्याचा जीव द्यायचा?

मी हात काढला.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही सोडा यांना."

बाबांची मान हळूच माझ्याकडे वळली. तो गोंधळून बघत होता, "बरं नाही का तुला?" असं विचारत होता. काकांनी दांडा धरला आणि सरळ सांगून टाकलं, "बरी आहे ती. आपल्या माणसाला आम्ही आपल्या हातानं सोडत नाही, पोरा."

त्याचा चेहरा बदलला. पाळण्याचा काठ धरून तो माझ्याकडे झुकला. खालून बोटीचा भोंगा वाजला.

"आई एकटी आहे," तो हलकेच म्हणाला. "मला जायला हवं."

"माहीत आहे."

"तू चल ना... माझ्याबरोबर."

माझा जीव तिळतिळ तुटला. "यारी कोण चालवेल? काकांचे हात आता थकलेत. मी गेले तर बोट येऊन उपयोग काय?"

त्यानं खाली बोटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "येतो परत, असं मी म्हणणार नाही. ते सगळेच म्हणतात."

"मग काय म्हणशील?"

"पाळण्यात दोन माणसं बसतात का?"

मी 'हो' म्हणून मान डोलावली. काकांनी त्याला जपून खाली सोडलं, आणि मी हात पाठीमागं बांधून शेवटपर्यंत बघत उभी राहिले.

पुढं समुद्र बंद झाला. कुणी मला काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागायचं. शीतगृह चालू होतं, मासळी टिकत होती. मी रोज तारेला ग्रीस लावत होते आणि मनाला बजावत होते, आस धरू नकोस.

समुद्र शांत झाल्यावर पहिली बोट आली तेव्हा विरळ धुकं होतं. मी पाळणा सोडला. तार सैल पडली, म्हणजे पाळणा बोटीवर टेकला होता. मी वाकून बघितलं. एका म्हातारीला कमरेशी धरून तो पाळण्यात चढवत होता. ती बसल्यावर त्यानं तिच्या मांडीवर शिवणयंत्र ठेवलं.

मी दांडा सोडून मागं सरले. माझी पावलं बाबांनी ऐकली. ते दगडावरून उठून उभे राहिले.

"किती जण आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोघं," मी म्हटलं.

काका पुढं झाले. बाबांनी चाचपडत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू घे रे," ते म्हणाले. "आपली माणसं आहेत."