कटिंगमध्ये गेलेली ओळ

तीनशे बारा पानांना कुणी स्टेपल मारतं का हो? पण तो पठ्ठ्या दुकानात शिरला तोच हे विचारत. छातीशी कागदांचा गठ्ठा, शर्टाचं बटण भलत्याच काजात, चष्म्यावर खडूची धूळ…

"स्टेपल मारून मिळेल?"

टेबलामागच्या पोरीनं दाभण खाली ठेवलं. हाताला खळ लागलेली, म्हणून केस मनगटानंच मागं सारले आणि बघितलं. गठ्ठ्याकडं नाही, त्याच्याकडं.

"कशाला? कुणाला फेकून मारायचंय?"

"नाही… विद्यापीठात द्यायचंय. प्रबंध आहे. पाच प्रती."

"मग बाइंडिंग म्हणा की. शिवण, पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं."

"ते बाजूच्या दुकानात करतात म्हणाले…"

"बाजूला किल्ल्या बनवतात. तुम्ही चुकून बरोबर दुकानात आलात."

तो हसला. हसताना चष्मा घसरला, चष्मा सावरताना गठ्ठा घसरला. दोघं खाली बसून पानं गोळा करायला लागले, आणि एकाच पानावर दोघांचे हात पडले. तिच्या हाताची खळ पानाला लागली, पानाची त्याच्या बोटाला. सुटता सुटेना.

दुकान मावशीचं. आईच्या माघारी मावशीनंच तिला वाढवलं आणि हाताखाली घेऊन तयार केलं. लहानपणी ही पोर सदा डिंकात बरबटलेली, म्हणून नाव पडलं डिंकी. आता पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण नाव काही सुटलं नाही.

चार दिवसांनी तो पुस्तकं घेऊन गेला आणि दोन दिवसांत पाचही प्रती उचलून हजर.

"अठ्ठ्याऐंशी पानावर चूक आहे," तो म्हणाला. चेहरा असा, की घरात कुणी आजारी असावं.

"अगं डिंके, पुन्हा आला बघ," मावशी आतून ओरडली. त्या दिवसापासून मावशीनं त्याचं नावच ठेवलं— पुन्हासाहेब.

टाके उसवता उसवता तिनं विचारलं, "एवढं आहे तरी काय ह्याच्यात?"

त्यानं टेबलावरचा चौकोनी पुठ्ठा उचलला. "हा असा फिरवून परत ठेवायचा, की हलवलाय हे कळूच नये. किती प्रकारांनी जमेल?"

तिनं पुठ्ठा फिरवला. पालथा केला, परत फिरवला. "आठ. नुसता ठेवला तोही धरून."

"आठ!" तो उडालाच. "माझी पोरं वर्गात चार म्हणतात. पालथा घालायचं सुचतच नाही."

"पुठ्ठा आहे तो. पालथा घालणारच की."

"ह्या आठ फिरवण्यांचा मिळून एक गट होतो. आता असं बघा… पुठ्ठा दिसतच नाही. फिरवण्याबद्दल काय ते सांगायचं, आणि तेही मोजक्या शब्दांत. नुसत्या त्या सांगण्यावरून ओळखायचं, मुळात आकार कसला होता. काही गट न संपणारे असतात, तरी त्यांचं सगळं वागणं मोठं शिस्तीचं. लोकांना वाटतं, हे समीकरणांतून निघालेल्या आकारांचेच गट असणार. वाटतं… पण सगळ्यांच्या बाबतीत अजून कुणाला दाखवता आलेलं नाही."

"आणि तुम्ही दाखवलंत?"

"छे! मी त्यातला एक बारकासा तुकडा केलाय."

"बारकासा? तीनशे बारा पानं?"

"हो ना… थोडं घाईतच लिहिलं."

ती खळखळून हसली. "म्हणजे माणूस न बघता, नुसतं ऐकून सांगायचं कसा आहे ते."

"हो… पण बघून तरी कुठं कळतं?" असं म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. हिचा दोरा सुईतून सटकला. त्या दिवशी तिनं दोन टाके उलटे घातले, मावशीनं गुपचूप नीट केले.

मग बुधवारी तिसऱ्यांदा. त्याच्या सरांनी दोन पानं वाढवायला सांगितली होती. शुक्रवारी पाचच्या आत जमा केलं तरच ह्या वर्षी डिग्री. रविवारी सकाळी गाडी. लांबच्या गावी दोन वर्षांची नोकरी लागलेली, तीही डिग्रीच्या अटीवर.

"म्हणजे ह्यावेळी शेवटचं," ती म्हणाली.

"शेवटचंच… असं वाटतं."

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? माणूस चष्मा पुसत बसतो, निघतो म्हणतो आणि अर्धा तास पुठ्ठे चाळतो. बोलायचं म्हटलं की गटांवर बोलतो. तिला आपलंच समजेना, आपण टाके मुद्दाम सावकाश घालतोय की हातच जड झालाय.

गुरुवारी कटिंग. पानांचा ठोकळा मशीनखाली धरला, पातं ओढलं, कडा लोण्यासारखी निघाली. तिसऱ्या प्रतीची पानं चाळून बघताना मधे एक वेगळाच कागद निघाला. मूळचा लांबडा असणार, पात्यानं प्रबंधाच्या मापाचा केलेला. पेन्सिलीचं अक्षर. वरती एकच ओळ वाचता येण्याजोगी—

'बाइंडिंगवाली मला आवडत नाही.'

खाली सगळी गणिताची चिन्हं— बाण, पालथे इंग्रजी ए, पाठमोरे ई, कंस. ती ओळ तिनं तीनदा वाचली. आवडत नाही तर नसू दे. पण हे लिहून ठेवतं का कुणी? आणि खाली एवढी कारणं देतं?

मावशीनंही वाचलं. "मेल्यानं हिशेब मांडलाय की काय तुझा?"

"मला काय करायचंय," ती म्हणाली, आणि शिकंजा असा आवळला की लाकूड करकरलं.

शुक्रवारी चारला तो आला. ती वर बघेना.

"झालं?"

"झालं. घेऊन जा."

"काही… बिघडलंय का?"

"पुस्तकांचं काही बिघडलेलं नाही." आणि तिनं कागद पुढं सरकवला. "हा तुमचा राहिला होता."

त्यानं कागद बघितला. आधी पांढरा पडला, मग लाल, मग कागद उलटून बघायला लागला. "ह्याच्या खालचं कुठंय?"

"खालचं काय?"

"शेवटची ओळ!"

"ती गेली कटिंगमध्ये. का, आणखी काही नावं ठेवायची राहिली होती?"

"अहो, तसं नाही हो! आम्ही सुरुवातच अशी करतो. जे खरं वाटतं ना, त्याच्या बरोबर उलटं धरायचं. मग एकेक पायरी पुढं जायचं आणि कुठं आपटतं ते बघायचं. आपटलं, की धरलेलं खोटं."

तिनं हळूच विचारलं, "…आणि आपटलं?"

"चौथ्या ओळीत. एक चुकलेलं पान चिकटपट्टीनं बदललं असतं. मी पाच प्रती घेऊन चार किलोमीटर चालत आलो."

"मग शेवटची ओळ काय होती?"

तो टेबलाखाली वाकून बघायला लागला. "ती… कात्रणांत सापडेल ना?"

"मावशी, कात्रणांची गोणी कुठंय?"

"सकाळीच गेली रद्दीत!" मावशी आतून म्हणाली. कान इकडंच लावून बसली होती ती.

"बोला मग तोंडानं," ती म्हणाली.

"मला तू… म्हणजे तुम्ही… आवडतेस. आवडता." त्यानं चष्मा काढला, परत घातला. "पण ह्याच्यावरून तुमच्या बाजूचं काही निघत नाही. ते आपोआप होत नाही. ते वेगळं… मी जातो!"

आणि गेला की! रिकामी पिशवी घेऊन, दारातून सुसाट, विद्यापीठाच्या बरोबर उलट्या दिशेला. पाचही प्रती टेबलावर.

"अगं, बघतेस काय?" मावशी म्हणाली. "साडेचार वाजलेत!"

तिनं पाच प्रती छातीशी धरल्या आणि धावली. हनुवटीखाली काळे पुठ्ठे, पायात दुकानातल्या सपाता, बोटांना वाळलेली खळ. धावता धावता तिच्या मनात एकच, ह्याची डिग्री जायला नको. मग वाटलं, गेली तर वर्षभर इथंच राहील… आणि स्वतःचीच लाज वाटून ती आणखी जोरात धावली.

विद्यापीठाच्या खिडकीवरचा कारकून झाकण ओढायच्या बेतात होता.

"प्रबंध विद्यार्थ्याच्याच हातून घेतो आम्ही. नाहीतर घरच्या माणसाकडून. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी…" तिचा श्वास बसेना. "काय काय लिहितात लोक?"

"आई, बहीण, बायको. लवकर बोला, पाचला पाच कमी आहेत."

दोघांचं घर तर नव्हतंच, अजून एक चहासुद्धा बरोबर प्यालेले नव्हते. ती खिडकीची चौकट धरून उभी राहिली. मनातला गोंधळ सगळा तसाच होता, पण तोंड आपलं आपण उघडलं.

"होणारी," ती म्हणाली.

"होणारी काय? आई, बहीण की बायको?"

"तिसरी," मागून धापा टाकत कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. तो उभा होता. दुकानात परत जाऊन, मावशीच्या शिव्या खाऊन, मग इकडं पळत आलेला.

"ऐकलंस तू?" तिनं विचारलं.

"होणारी… एवढंच ऐकलं. मग पर्याय तीन, त्यातले दोन शक्य नाहीत…"

"पुरे रे!"

"बाजूला भांडा," कारकून म्हणाला. "दोघंही आलाच आहात तर दोघंही सही करा."

दोघांनी पेन घेतलं, सह्या ठोकल्या. कारकुनानं फॉर्म बघितला आणि कपाळाला हात लावला. त्यानं नातेवाइकाच्या रकान्यात सही केली होती, तिनं विद्यार्थ्याच्या.

"अहो, काय चाललंय काय तुमचं?"

दोघंही एकदम "माहीत नाही" म्हणाले, आणि हसायला लागले ते थांबेचनात.

कारकुनानं दुसरा फॉर्म काढला. पाच वाजून गेले होते. खिडकी अजून उघडीच होती.