अराबाचे ओठ

बसा नीट. मधेच मोबाइल वाजला तर गोष्ट तिथंच बंद. ही आपल्या स्वेद्रूतल्या कोबिना अंतुबामची गोष्ट आहे, आणि ती डोळ्यांनी पाहणारा व्हॅनवाला फीफी अजून जिवंत आहे. फीफीला थापा मारायची अक्कल नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

दोन वर्षं झाली. जानेवारीची तेरा तारीख, शनिवार. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमटान वाऱ्याने एवढी धूळ आणली होती की सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. दुपारी चारला कोबिना चर्चमधून भोंगा मागून आणायला निघाला. वय सत्तरीच्या पुढं, पण चाल नवरदेवाची. तीस वर्षांनी कुणाला तरी त्याचा गळा हवा होता.

आपल्या घानातल्या गावठी सिनेमाचे ते दिवस तुम्हाला माहीत नाहीत. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणायचा, शेजारपाजारची माणसं उभी करायची, की झाला सिनेमा. मग व्हॅनच्या टपावर भोंगा आणि रंगवलेलं पोस्टर बांधून गावभर ओरडत फिरायचं. ते काम कोबिनाचं. ओरडणारा स्वतः सिनेमा कधीच बघायचा नाही. आत खेळ चालू असताना तो बाहेर उरलेली माणसं गोळा करत असायचा. पोस्टरवर जे रंगवलंय ते बघायचं आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं, अशीच रीत होती.

'ओढ्याकाठची बाई' त्याने असाच विकला. पोस्टरवर अराबा बेन्तिल होती, डोळे लालभडक रंगवलेले. खरी अराबा बसस्टँडवर पाव विकायची. डोक्यावर परात, आणि हाक अशी गोड की बस सुटता सुटता लोक खिडकीतून हात काढायचे. कोबिनाही रोज तिच्याकडूनच पाव घ्यायचा. तरी चौकाचौकात तो भोंग्यावर ओरडला, ही बाई नटी नाही, खरी चेटकीण आहे, कॅमेऱ्यासमोर तिने सोंग घेतलंच नाही.

गर्दी उसळली. महिन्याभरात अराबाच्या पावाला कुणी हात लावेना. भावांनी तिला आणि तिच्या लेकीला घराबाहेर काढलं. वर्ष व्हायच्या आत ती ट्रकतळावर मेली. शेवटी शेवटी ती कुणाशी बोलत नसे. नुसते ओठ हलायचे.

सिनेमाही मेला. चेटकीण बघायला आलेल्यांना चेटकीण दिसली नाही, म्हणून त्यांनी बाकं मोडली. सिनेमाच्या व्हिडिओ टेपांवर लोकांनी प्रवचनं भरून घेतली. एकच टेप राहिली, अराबाच्या लेकीच्या पेटीत. आणि सिनेमा कसा होता? चांगला होता. आजकालच्या शंभर सिनेमांना पुरून उरेल असा. एका बाईवर पोर मारल्याचा आळ येतो. चौकात खांबाला बांधतात. आपल्या लेकीला सोडवायला ती न केलेला गुन्हा कबूल करते. बस, एवढंच. पण अराबाने ते असं केलंय की बघणाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. कोबिनाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने सिनेमा पाहिलाच कुठं होता.

ती टेप घेऊन अराबाची नात एफुआ आक्र्याहून आली होती. आजीचा सिनेमा आजीच्याच गावात दाखवायचा होता तिला. तीच व्हॅन, तोच ओरडणारा. तिने कोबिनाला आधीच सांगून ठेवलं, की कबुलीच्या जागी टेप झिजली आहे, तिथं आवाज नाही, फक्त आजीचे ओठ हलतात. आणि मग म्हणाली, "मामा, भोंग्यावर एकच गोष्ट सांगा. माझी आजी पाव विकायची, चेटकीण नव्हती, तिने फक्त सिनेमात काम केलं होतं. तुम्हीच सांगितलंत तर लोक ऐकतील."

"सांगेन की. त्यात काय एवढं?"

"नक्की ना?"

"पोरी, तुझी आई परकरात होती तेव्हापासून हा गळा चाललाय."

सहाला व्हॅन निघाली. बाजारात त्याने एफुआने सांगितलं ते सांगितलं. कुणी मान वर केली नाही. पुढच्या चौकात एक टॅक्सीवाला म्हणाला, "आजोबा, पाव आहेत तर द्या, सिनेमा नको." सगळे हसले. कोबिनाचे कान तापले. त्याने गळा मोकळा व्हावा म्हणून आल्याचा तुकडा दाढेखाली धरला. तिसऱ्या चौकात मक्याचे केंके विकणाऱ्या बायांसमोर माइक तोंडाशी नेला, आणि जीभ जुन्या वाटेनं गेली. ही बाई नटी नाही, लोकहो...

माना वळल्या. मोबाइल वर झाले. पोरं व्हॅनमागं धावायला लागली. मग तो थांबतोय कशाला? आणखी चार चौकांत तेच, वर नवी फोडणी घालून.

फीफी म्हणाला, "मामा, पोरीला शब्द दिला होतात."

"पावाची गोष्ट ऐकायला कोण येतं रे? तू गाडी चालव."

साडेसातला ते जुन्या पावभट्टीच्या रस्त्यानं परत निघाले. लाइट गेलेली. भट्टी वीस वर्षं बंद, तिच्या छपरातून पपईचं झाड वर आलेलं. कोबिनाने माइक बंद करून मांडीवर ठेवला.

पावाचा वास आला. ताज्या, गरम पावाचा.

फीफीने काच वर केली. वास आतच होता.

टपावरचा भोंगा खरखरला. कोबिनाने माइककडे पाहिलं. बटण बंद. त्याने वायर उपटली.

भोंगा चालूच.

त्यात कुणीतरी श्वास घेत होतं. फक्त आत. बाहेर सोडणं नाही. आत... आणखी आत... लांबच लांब...

कोबिनाने फीफीचा दंड धरला. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा तट्ट. डोळे बाहेर. आवाज नाही. खोकलासुद्धा नाही.

भोंगा गप्प झाला.

फीफीने गाडी हाणली ती थेट शाळेच्या मैदानावर. जनरेटर लावून आठला सिनेमा सुरू झाला. गर्दी मावत नव्हती. लोक चेटकिणीची वाट बघत हसत होते. हळूहळू हसणं थांबलं. कोबिना सवयीप्रमाणे व्हॅनपाशीच उभा होता. जन्मात पहिल्यांदा त्याचं तोंड पडद्याकडे होतं. नऊ वाजून वीस मिनिटांनी अराबाला खांबाला बांधलं.

तिने मान वर केली. सरळ समोर पाहिलं.

ओठ हलले.

आणि आवाज आला. पुरुषाचा. साऱ्या स्वेद्रूच्या ओळखीचा.

"मी कोबिना अंतुबाम. मी हा सिनेमा कधी पाहिला नाही. ही बाई पाव विकायची. मी रोज तिचा पाव खायचो. मला गर्दी हवी होती, म्हणून मी तिला मारलं."

मैदान मागं वळलं. कोबिना दोन्ही हातांनी गळा धरून उभा होता. तोंड उघडं. ओठ हलत होते. अराबाचे हलत होते, अगदी तसेच.

त्या दिवसापासून तो बोललेला नाही. रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसतो, बसवाले पाव देतात, तो खात नाही. सिनेमा मात्र फिरतोय. आक्रा झालं, कुमासी झालं, आता समुद्रापलीकडेही नेतात. जाईल तिथं गर्दी, आणि जाईल तिथं कोबिना कबूल करतो.

आक्र्याच्या यंत्रवाल्यांनी ती टेप तीन वेळा तपासली. नक्कल काढली तर नक्कल मुकी निघाली. त्यांनी एफुआला लिहून दिलंय, कागद तिच्याकडे आहे. त्या जागी टेपवरची आवाजाची पट्टी कोरी आहे, तिथं कुणाचाही आवाज भरलेला नाही.