शंभर शब्दांची खिडकी

प्रयोगशाळेतल्या शेगडीवर डॉ. हमीद शिकलगार एका विद्यार्थ्याचा निबंध वाचत चहा करत होते. विषयच होता 'चहा कसा करावा'. मयंकचा निबंध शब्दगाळणी यंत्रातून गेला होता. यंत्राने शंभरातले चाळीस शब्द, चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे, पुसले होते. उरलं ते शिकलगार मोठ्याने वाचत होते.

"'जिव्हाळ्याचे प्रतीक… मंद… दरवळ… चिमूटभर…' चिमूटभर काय रे, मयंक?"

"वेलदोड्याची पूड, सर."

"मी मीठ टाकलं. पी आता."

वर्गात हशा पिकला. मयंकने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "सर, तोच निबंध दहादा पाठवला तर?"

"वेळ कुठे आहे? गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या आपल्या 'तेजस्विनी' यानाशी दिवसातून दोनदा खिडकी उघडते. सकाळी तिकडून फार तर शंभर शब्द येतात, दुपारी इकडून तेवढेच जातात. किरणोत्साराने यानावरचा चूकसुधारक जळाला, तेव्हापासून त्यातले शेकडा चाळीसेक गळतात. कुठले, ते आधी सांगता येत नाही. म्हणून ही परीक्षा. भोकं पडलेला उतारा समजून घ्यायचा, आणि भोकं पडूनही समजेल असा निबंध लिहायचा. पास होईल तो केंद्राचा संदेशलेखक."

"भोकं बुजवायला पूरक आहे की," केंद्रप्रमुख सुलभा गंधे दारातून म्हणाल्या. पूरक ही केंद्राची संगणकप्रणाली.

"मॅडम, पूरक प्रत्येक भोकात सर्वांत संभाव्य शब्द भरतो. पण बिघाड म्हणजे काय? जे संभाव्य नव्हतं, ते. नेमकं तेच तो बुजवून टाकतो."

"आणि तुमच्या वर्गातून गेल्या वर्षी किती पास झाले, हमीदभाई?"

"एकही नाही," शिकलगार म्हणाले.

गेल्या वर्षी नापास झालेल्यांपैकी शर्वाणी डोईफोडे पुढच्याच बाकावर होती. उद्याचा प्रयत्न तिचा शेवटचा. ती इचलकरंजीची, घरी आठ यंत्रमाग. मागांच्या खडखडाटात निम्मे शब्द विरून जातात, म्हणून तिचे आईवडील एकच गोष्ट दोन-तीन बाजूंनी सांगत: "कांडी संपली, दोरा नाही, दुसरी घाल!" शर्वाणी लिहायचीही तशीच. शाळेत तिच्या निबंधांवर लाल शाईत एकच शेरा असे, 'पुनरुक्ती'. हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. तो शेरा तिने इतका मनाला लावून घेतला होता की गेल्या वर्षी प्रत्येक शब्द एकदाच वापरून तिने सुबक निबंध लिहिला. गाळणीतून गेल्यावर त्याचं काहीच उरलं नाही.

"डोईफोडे," शिकलगार म्हणाले, "उद्या घरी बोलतेस तसं लिही."

"सर, ते गावठी वाटतं."

"वाटू दे. यानावर कुणाकडे लाल पेन नाही."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गंधे स्वतः प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"आजचा उतारा बनवलेला नाही. आज सकाळीच यानावरून आला आहे. यानावरच्या तिघांचा जीव यावर आहे. प्राणवायूची पहिली टाकी उद्या पहाटेपर्यंत पुरेल. पूरकच्या मते दुसऱ्या टाकीची झडप अडकली आहे, जोर लावायला सांगा. मलाही तसंच वाटतं. पण डॉ. शिकलगारांचा आग्रह आहे की तुम्हीही वाचावं."

कागदावर होतं:

'दुसऱ्या टाकीची — उघडत —. पुढून वाट —, म्हणून — गेलो. पाटी — नाही. पुस्तकात — तशी — फिरवली. प्रत्येक — घट्ट.'

पूरकने भरलं होतं: 'पुढून वाट काढली, म्हणून आत गेलो.'

शर्वाणी त्या 'म्हणून'पाशी थांबली. वाट मिळाली असती, तर सरळ 'आणि' लिहिलं असतं. पुढून वाट नव्हती, म्हणून ते दुसरीकडून गेले. पाटी झडपेच्या पुढच्या बाजूला असते, ती त्यांना दिसत नाही. म्हणजे ते मागे आहेत! पुस्तकातली दिशा पुढून पाहणाऱ्यासाठी. मागाच्या पाठीमागे उभं राहिलं की उजवं-डावं कसं उलटतं, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. झडप अडकलीच नव्हती. तिघं ती अधिकाधिक बंद करत होते.

तिने पेन उचललं. 'झडप मोडलेली नाही. झडप चांगली आहे, जोर लावू नका. जोर लावला तर दांडा तुटेल. तुम्ही मागे आहात, पुस्तक पुढून सांगतं. मागून सगळं उलटं दिसतं. म्हणून उलट फिरवा. आजवर फिरवली त्याच्या उलट. घट्ट होते ती दिशा चूक. सैल होईल ती दिशा बरोबर…' शेवटी, मी परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी, हेही. असे बरोबर शंभर शब्द.

शिकलगारांनी तो कागद पाच वेळा गाळणीतून काढला. दर वेळी वेगळे शब्द गळले, पण पाचही वेळा अर्थ शाबूत राहिला.

"आणि मुलगी चुकत असेल तर?" गंधेंनी विचारलं.

"उलट फिरवून काही बिघडत नाही, मॅडम. जोर लावून दांडा मोडला तर परत जोडता येणार नाही."

गंधेंनी कागद त्यांच्या हाती परत दिला. "पाठवा," त्या म्हणाल्या. "निकाल यानच देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं केंद्र पडद्यापुढे उभं होतं. आजवर यानाचे संदेश मोजूनमापून लिहिलेले असत, प्रत्येक शब्द एकदाच. पहाट उलटून गेली होती. शर्वाणीने बाकाची कड घट्ट धरली होती. अक्षरं उमटू लागली:

'झडप —. उलट फिरवली, — झाली, उघडली. हवा —, भरपूर — येते आहे. — जिवंत आहोत. तिघेही —, कुणाला — नाही. ज्या — लिहिलं तिला — करा. पास —. नापास करू —. आम्हीही — तिच्यासारखंच —, दोनदा —, तीनदा सांगू.'

निम्म्याहून थोडेच अधिक शब्द आले होते, आणि खोलीत एकालाही काही विचारावं लागलं नाही. मयंक बाकावर चढून ओरडत होता. एका कोपऱ्यात पूरक इमानेइतबारे भोकं बुजवत होता: 'तिला माफ करा.' गंधेंनी तो बंद केला आणि सबंध संदेश एकदाही न अडखळता मोठ्याने वाचला.

मग त्यांनी त्याची छापील प्रत काढली, लाल पेन घेतलं, समासात ठळक अक्षरांत लिहिलं, 'पुनरुक्ती!' आणि त्याखाली, शंभरपैकी शंभर.

कागद त्यांनी शर्वाणीच्या हातात दिला.