माझ्या नाकाकडे बघा

परदेशात जाऊन लोक अत्तरं घेतात, घड्याळं घेतात. तिच्यावर मात्र तिसऱ्याच दिवशी चष्मा घ्यायची वेळ आली. रस्त्याच्या कडेला दिव्याचा एक खांब होता. तो आईला दिसला, आईच्या मागून येणाऱ्या कुत्र्यालाही दिसला, फक्त हिला दिसला नाही. कपाळाला टेंगूळ आलं आणि चष्म्याची एक काच फुटली.

"लक्ष कुठे असतं गं तुझं!" आई म्हणाली. आई जन्मभर शाळेत शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती आणि हे वाक्य तिने वर्गापेक्षा घरातच जास्त वापरलं होतं.

चढावर चष्म्याचं एक दुकान सापडलं. आत चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात काउंटरच्या खालून आवाज आला —

"कुठे गेला हा मेला स्क्रू! आत्ता होता इथे..."

चक्क मराठी! तीन दिवस हातवारे करून दमलेल्या दोघी जागच्या जागी थांबल्या. ती वाकली, उरलेली काच डोळ्याशी धरली आणि म्हणाली, "तुमच्या डाव्या बुटाशी आहे."

काउंटरखाली डोकं आपटल्याचा आवाज झाला. मग विस्कटलेले केस वर आले, लाल झालेले कान आले, आणि सर्वांत शेवटी हसू आलं.

आई तर खुर्चीत माहेरी आल्यासारखी बसली. पाच मिनिटांत तिने सगळं काढून घेतलं. दुकान मामाचं, इथे येऊन सात वर्षं झाली, डोळे तपासायचं शिक्षण इथलंच, लग्न झालेलं नाही. शेवटची गोष्ट आईने दोनदा विचारली.

"एवढासा स्क्रू दिसला तुम्हाला?" चष्मेवाल्याने तिला विचारलं.

"छापखान्यात प्रुफं तपासते मी. अनुस्वार सुटला तर मला जेवण जात नाही," ती ऐटीत म्हणाली, तपासणीच्या खुर्चीकडे वळली आणि वाटेतल्या गुडघाभर उंचीच्या स्टुलाला थडकली. स्टूल आडवं झालं.

"अनुस्वार दिसतो, स्टूल दिसत नाही," आई म्हणाली. "घरी वेंधळीच म्हणतो आम्ही हिला."

तिघंही हसली. स्टूल उचलता उचलता त्याचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं.

अक्षरांची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली. मग तो खुर्ची ओढून अगदी समोर बसला. "एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. कडेला माझं बोट हलताना दिसलं की 'हो' म्हणा."

"नाकाकडेच का?"

"डोळ्यांत बघा म्हटलं तर तुमच्या आई उठून येतील."

ती बघत राहिली. नाक काही फार देखणं नव्हतं, जरा डावीकडे कललेलं होतं. पण नाकाच्या वर दोन तपकिरी डोळे होते आणि ते दिसायला कुणाची बंदी नव्हती. एक मिनिट गेलं... तिचे गाल तापायला लागले.

"अहो, सुरू करा ना," ती हळूच म्हणाली.

त्याची बोटं त्याच्याच गालांपाशी आली तेव्हा कुठे तिला दिसली. ती खूप लांबून हलत हलत आली होती. हे तिला चार दिवसांनी कळलं, तुम्हाला मी आत्ताच सांगून ठेवते. सांगितलं नाही तर पुढचं गोड वाटेल आणि तसं ते नव्हतं.

"चष्मा कधी मिळेल?" आईने विचारलं.

"चार दिवस लागतील," तो म्हणाला. तोवर घालायला त्याने खणातला एक जाड, चौकोनी, साधारण तिच्याच नंबरचा चष्मा दिला. आईच्या मते त्यात ती हेडक्लार्क दिसत होती.

मग काय, दुकानात जायला कारणं सापडतच गेली. फ्रेमचा रंग बघायचा होता. नाकावर ती टेकते का, ते बघायचं होतं. दुपारी मामा काउंटरवर आला की तो तिला जवळच्या कॉफीच्या दुकानात नेई. तिथेही तो कधी शेजारी बसत नसे, नेहमी समोर.

"शेजारी बसलात तर काही बिघडेल का?"

"शेजारी बसलो तर मी तुम्हाला..." तो थांबला. "समोरच बरं."

त्या अर्ध्या वाक्यावर तिने रात्रभराची झोप घालवली. गावात पायऱ्या फार. प्रत्येक उतारापाशी तो "पायरी" म्हणे आणि हात पुढे करी. तिसऱ्या दिवशी पायऱ्या संपल्या, सपाट रस्ता लागला, तरी हात तसाच राहिला. दोघांनीही तो विषय काढला नाही.

विचारायचा मात्र भलतंच. अंधार पडल्यावर चालायला भीती वाटते का? घरात कुणाला संध्याकाळनंतर कमी दिसायचं का?

"अहो, हे काय प्रेमात विचारायचे प्रश्न झाले?" ती बोलून गेली आणि जीभ चावली. "प्रवासात... प्रवासात म्हणायचं होतं मला."

"प्रुफं तपासणाऱ्या बाईंनी इतकी मोठी चूक करावी?" तो म्हणाला. तो हसला, पण लगेच त्याने मान फिरवली. तिला वाटलं, लाजला.

चौथ्या दिवशी त्याने आईलाही बोलावलं. नवा चष्मा त्याने स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर चढवला. समोरच्या दुकानाची पाटी लख्ख दिसली. आईच्या ओठांभोवतीच्या सुरकुत्या दिसल्या. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसली.

"वा!" ती म्हणाली.

"चष्मा बरोबर आहे," तो म्हणाला. "पण... तुम्हाला कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसतं. तो खांब, ते स्टूल... तुमचं लक्ष असतं हो. कायमच असतं. जे दिसतच नाही, त्याच्याकडे लक्ष कसं जाणार?"

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. जन्मभर खाल्लेली बोलणी एका वाक्यात खोटी ठरली होती. मग पुढचा प्रश्न सुचला.

"हे वाढत जाईल?"

"मी डॉक्टर नाही."

"मी डॉक्टरांना विचारत नाहीये."

"हो," तो म्हणाला. "हळूहळू. आणि चष्म्याने ते थांबत नाही."

खुर्चीतून आईचा आवाज आला, पण तो आईचा वाटेना. "माझे बाबा... दिवेलागण झाली की घराबाहेर पडत नसत. तिरसट म्हणायचो आम्ही त्यांना." मग ती लेकीकडे बघून म्हणाली, "आठ वर्षांची होतीस. दुधाचं पातेलं लाथाडलंस म्हणून मी तुला मारलं होतं गं. उलथण्याने मारलं होतं."

तिला आईजवळ जायचं होतं, तरी ती त्याच्याकडेच बघत होती. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

म्हणजे कॉफी, समोरची खुर्ची, ती पायरी, तो हात... तिने सगळं मनात पुन्हा वाचलं आणि प्रत्येक ओळीचा अर्थ बदललेला निघाला. "म्हणजे पेशंट म्हणून हात धरलात माझा."

"चष्मा दुसऱ्याच दिवशी तयार होता," तो म्हणाला. "दिला असता तर तुम्ही निघून गेला असता, आणि सांगायचं धैर्य होत नव्हतं. दोन्ही खरं आहे. मी चुकलो."

ती आईला घेऊन निघून आली.

तरी दुसऱ्या दिवशी त्याची गरज पडलीच. त्याने इस्पितळात वेळ घेऊन ठेवली होती आणि तिथली भाषा दोघींना येत नव्हती. यंत्रांमधून डोळे बघून झाले. डॉक्टरीणबाई बोलत आणि तो मराठीत सांगे. एकदा त्या बराच वेळ बोलल्या. तो एवढंच म्हणाला, "काळजी घ्यायला सांगताहेत."

"एवढंच?"

त्याने नजर चुकवली.

"एकही शब्द गाळू नका," ती म्हणाली. "गाळलेले शब्द पकडायचंच काम करते मी."

मग त्याने सगळं सांगितलं. हे घराण्यातून येतं. चाळिशीपर्यंत आणखी आवळत जाईल. वाचण्यापुरतं मधलं कदाचित राहील, कदाचित तेही राहणार नाही. औषध नाही... 'औषध' म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि 'नाही' त्याला दोनदा म्हणावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमालांचा खोका तिच्यापुढे धरला. तिने तो त्याच्याकडे सरकवला. कीव करणारा माणूस असा रडत नाही, हे तिला तिथे कळलं. तिचा राग गेला. भीती मात्र तशीच राहिली.

निघायच्या सकाळी हॉटेलपाशी टॅक्सी उभी होती. सामान चढलं, आई आत बसली आणि तो धापा टाकत चढ चढून आला.

"तुम्ही मला आवडता," तीच आधी म्हणाली. "चांगलं वळण असलेल्या मुली असं आधी बोलत नाहीत म्हणे. पण मला आता वाट बघत बसायला जमणार नाही."

"मलाही... म्हणजे मी तर स्क्रूपासूनच..."

"कीव म्हणून येणार असाल, तर नका येऊ."

"कीव म्हणून कुणी समुद्र ओलांडून येतं का हो? मामाला समजावतो, कागदपत्रं करतो. पुढच्या वर्षी नक्की येतो."

तिने मान हलवली. "पुढच्या वर्षी नको."

"का?"

"तुम्हाला माझ्या घरात बघायचंय मला. आईशी वाद घालताना, माझ्या टेबलावर चहाचे डाग पाडताना... सगळं बघायचंय." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "दिसतंय तोवर या."

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. आई त्याच्यावर चक्क मराठीत खेकसली, "थांबा हो जरा!" आणि तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवून बसली.

"दोन महिन्यांत येतो," तो म्हणाला.

"या."

टॅक्सी निघाली तेव्हा तिने हात हलवला नाही, डोळेही पुसले नाहीत. मागच्या काचेतून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि वळण येईपर्यंत तिने पापणी लवू दिली नाही.